‘कशाला ती कटकट?’ : एका भाषणाला जबाब

गेल्या महिन्यात स्वारगेट भागातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेत एका स्नेह्यांनी अर्धा तास भाषण केले. ज्यांची उभी हयात सरकारी दप्तरात गेली, ज्यांच्या मसुद्यातला स्वल्पविराम हलवण्याची छाती कोणा वरिष्ठाला कधी झाली नाही, आणि निवृत्तीनंतरही जे वाणसामानाच्या यादीला जावक क्रमांक घालतात असा आमच्यात प्रवाद आहे, त्या गृहस्थांनी या खेपेस विषय निवडला होता तो असा : एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्यासाठी एखादे निराळे ॲप इन्स्टॉल करावे काय? निकाल त्यांनी आरंभीच देऊन टाकला : करू नये. व्हॉट्सॲप असताना दुसऱ्या साधनाची गरज नाही. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिघांच्या तीन तऱ्हा असल्यामुळे तिघांवर एकच ॲप बसवणे हे संसारी माणसाचे काम नव्हे. आणि अनोळखी प्रोग्राम घरात घेणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली देणे होय, याबद्दल प्रत्यक्ष सरकारनेच दाखला घालून दिलेला आहे. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी ते थोडे थांबत आणि सभेकडे पाहून विचारीत, ‘‘कशाला ती कटकट?’’ टाळ्या पुष्कळ पडल्या. मीही वाजवल्या, कारण भाषण म्हणून ते भाषण उत्तम होते. परंतु त्यातले प्रतिपादन माझ्या मते आरंभापासून अखेरपर्यंत चुकीचे आहे, आणि तसे त्यांना तोंडावर सांगूनही ते ऐकेनात, म्हणून हा लेखी जबाब.

व्हॉट्सॲपची योग्यता मी नाकारीत नाही. त्यावरचा मजकूर २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतो, २०२२ पासून दोन गिगाबाइटपर्यंतची फाइल त्यातून जाते, आणि छायाचित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्याची दक्षता घेतली तर त्याचा दर्जाही बिघडत नाही. (ती दक्षता शंभरांतले किती जण घेतात हा प्रश्न निराळा, मासिकाच्या मुखपृष्ठासाठी आलेली, दाबून दाबून पापडासारखी झालेली छायाचित्रे ज्याने पाहिली आहेत त्याने उत्तर मनातल्या मनात द्यावे.) माझी तक्रार त्याच्या गुणांविषयी नसून त्याच्या मार्गाविषयी आहे. एकाच टेबलावर, हातभर अंतराने ठेवलेल्या दोन संगणकांपैकी एकावरची फाइल दुसऱ्यावर जाण्यासाठी प्रथम घरातून बाहेर पडावी, शहराबाहेर, बहुधा देशाबाहेरही, कुठल्याशा परक्या वखारीत जाऊन मुक्काम करावा, आणि मग त्याच वाटेने परत फिरून शेजारच्या खुर्चीपर्यंत यावे, हा प्रकार पर्वती पायथ्याच्या माणसाने सारसबागेत जाण्यासाठी साताऱ्याची गाडी पकडावी तशातला आहे. शिवाय या वाटेला इंटरनेट लागते, आणि रस्ता खणण्याचे काम ज्या शहरात बारमाही चालते त्या शहरात केबल कधी तुटेल याचा भरवसा कोणी द्यावा? फाइल समोर आहे, संगणक समोर आहे, आणि तरीही आपण फावड्याच्या मर्जीवर अवलंबून, अशी अवस्था मी स्वतः अनुभवली आहे.

आमच्या स्नेह्यांनी आपल्या बाजूने एक उदाहरण मोठ्या आत्मविश्वासाने पुढे केले होते : बसस्थानकाजवळची झेरॉक्सची दुकाने. गिऱ्हाईक येते, भिंतीवर लिहिलेल्या क्रमांकावर आधारकार्ड किंवा गुणपत्रिका पाठवते, दोन मिनिटांत छापील प्रत घेऊन गाडी गाठते. याहून सोपे काय? मला हेच उदाहरण भयावह वाटते. अशाच एका दुकानात रांगेत उभा असताना मी पडद्यावर पाहिले तो डाव्या हाताला त्या दिवसाच्या सर्व गिऱ्हाइकांची यादी फोटोंसह उघडी होती, उजव्या हाताला कोणा मुलीचे जातीचे प्रमाणपत्र होते, आणि दुकानदार बिचारा निष्पापपणे चहा पीत होता. कागद छापून झाला तरी क्रमांक राहिला, फाइल राहिली, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नाही. मात्र इथे एक कबुली मला दिली पाहिजे. वाटेवरच्या अशा एकवेळच्या व्यवहाराला मी ज्या ॲपचा कैवार घेतो आहे (त्याचे नाव पुढे येईलच) ते ॲप हा रामबाण उपाय नव्हे. त्यासाठी गिऱ्हाइकाला दुकानाच्या वाय-फायवर यावे लागेल, दुकानदार त्याला सहसा तयार होणार नाही, आणि फाइल दुकानाच्या संगणकात तेव्हाही उरेलच. तिथे पेन ड्राइव्ह लावावा, समोर उभे राहून छापून घ्यावे आणि छापल्यावर फाइल पुसायला लावावी. तीच तीच माणसे रोज एकमेकांना फायली देतात ती सोसायटीची कचेरी, छोटा छापखाना, मासिकाचे कार्यालय, दोन भावंडांचे घर, ही या ॲपची खरी जागा. आणि त्या जागांविषयी आमच्या स्नेह्यांनी अवाक्षर काढले नाही.

आता तीन तऱ्हांच्या त्या बागुलबुवाकडे वळतो, कारण सभेवर खरा परिणाम झाला तो त्याचा. स्वारगेटला राहणाऱ्या माणसाने हा आक्षेप घ्यावा याचे मला विशेष आश्चर्य वाटते. स्वारगेट हे नावच स्वारांच्या चौकीवरून पडले असे जुने पुणेकर सांगतात; म्हणजे थांबवणे, विचारणे आणि सोडणे हा या जागेचा वंशपरंपरागत धंदा. आज त्याच जागी एसटी आहे, जिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर रस्त्यावर धावली. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची सेवा एकत्र करून २००७ साली निर्माण झालेली पीएमपीएमएल आहे. आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली मेट्रोही आहे. तीन कारभार, तीन तिकिटे, तीन फलाट. म्हणून वाईहून आलेल्या म्हातारीने आपली पिशवी घेऊन एसटीतून उतरू नये, मेट्रोत बसू नये, तिन्ही खाती एक होईपर्यंत स्थानकातच बसून राहावे, असा सल्ला आमच्या स्नेह्यांनी कधी दिल्याचे ऐकिवात नाही. पिशवी तीच राहते, नाके तेवढे बदलते. आणि नाक्यावर काय विचारतात ते एकदा कळले की नाक्याची भीती उरत नाही.

नाक्यांवर काय विचारतात ते मी आता स्वानुभवाने सांगतो. मुकुंदनगरात एका छोट्या मासिकाच्या कामात मी लुडबूड करतो. तिथे अक्षरजुळणीचा संगणक विंडोजचा, मुखपृष्ठ करणाऱ्या मुलीचा मॅक, आणि माझा जुना लॅपटॉप लिनक्स मिंटचा. तिघांना जोडण्यासाठी आम्ही लोकलसेंड हे ॲप निवडले. ते २०२२ साली आले, मुक्त स्रोताचे आहे, त्याला खाते लागत नाही, दाम पडत नाही, इंटरनेटही लागत नाही. एकाच राउटरवरची यंत्रे एकमेकांना ओळखतात आणि फाइल सरळ एका यंत्रावरून दुसऱ्यावर, वाटेत कुलूप लावून, रवाना होते.

विंडोजवर फाइल उतरवून चालवायला गेलो तर निळी पाटी पुढे येण्याचा संभव असतो, की हा प्रोग्राम अनोळखी आहे. हा विंडोजचा स्मार्टस्क्रीन नावाचा पहारेकरी. विंडोजच्या अंगात तो २०१२ साली, आठव्या आवृत्तीबरोबर, शिरला. तो खोटे बोलत नाही, पण त्याला चोर आणि नवखा यांतला फरक नेहमी कळतोच असे नाही. ही झटापट टाळायची असेल तर विंडोजच्याच विंगेट या साधनाला एका ओळीचा हुकूम सोडावा, ते ॲप आणते आणि पुढे नव्या आवृत्तीही त्याच्याच करवी घेता येतात. खरी अडचण त्याच्या पुढे आली. ॲप बसले, उघडले, आणि शेजारचा मॅक काही केल्या दिसेना. अर्धा तास आम्ही एकमेकांना दोष दिला. कारण क्षुल्लक निघाले : विंडोजने आमच्या कार्यालयाच्या वाय-फायला ‘पब्लिक’ म्हणजे चव्हाट्यावरचे जाळे असे समजून दारे लावून घेतली होती. सेटिंग्जमध्ये जाऊन तेच जाळे ‘प्रायव्हेट’ केले आणि फायरवॉलने विचारले तेव्हा होकार दिला, तोच मॅकचे नाव पडद्यावर उमटले.

मॅकची कथा त्याहून लहान आहे. तिथेही गेटकीपर नावाचा द्वारपाल २०१२ पासूनच उभा आहे, आणि २०२४ च्या सिकोया आवृत्तीत तो अधिक कडक झाला. ज्या प्रोग्रामवर ॲपलची मोहोर नाही तो पूर्वी कंट्रोल-क्लिकच्या आडवाटेने उघडता येई, ती वाट बंद करून आता सेटिंग्जच्या कचेरीत जाऊन रीतसर परवानगी काढावी लागते. परंतु ॲपलच्याच ॲप स्टोअरमधून लोकलसेंड घेतले तर या द्वारपालाची गाठच पडत नाही. फक्त आसपासची यंत्रे शोधण्याची मुभा द्यायची का, असा प्रश्न त्याच सिकोयापासून विचारला जातो. त्याला मुखपृष्ठवालीने सवयीने ‘नाही’ म्हटले आणि मग दहा मिनिटे ॲपला शिव्या घातल्या.

राहता राहिले लिनक्स, ज्याचे नाव घेताच आमच्या स्नेह्यांनी सभेत हात जोडले होते. तिथली खरी भानगड अशी की मार्ग कमी नसून फार आहेत : फ्लॅटहब, स्नॅप, डेब, ॲपइमेज, प्रत्येकाचे अनुयायी निराळे आणि प्रत्येकाची आपल्या मार्गावर निष्ठा वारकऱ्याइतकी. नवख्याने त्या वादात पडू नये. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव शोधावे, इन्स्टॉल म्हणावे आणि चहाला जावे. मी स्वतः फायरवॉल चालू ठेवतो, म्हणून मला ५३३१७ हे एक दार या ॲपसाठी मोकळे करावे लागले. ज्यांनी ती चालू केलेली नाही त्यांना तेवढेही करावे लागत नाही. तिन्ही यंत्रे मिळून आमचा एक तास गेला, त्यातला अर्धा त्या ‘पब्लिक’ शब्दापायी. आमच्या स्नेह्यांनी गॅसची सबसिडी बँकखात्याला जोडण्यासाठी किती खेटे घातले होते त्याची आठवण मी त्यांना इथे मुद्दाम देत नाही.

कोणी म्हणेल की मॅकला एअरड्रॉप आहे, विंडोजला ‘निअरबाय शेअरिंग’ आहे, मग तिसरे कशाला? एअरड्रॉप २०११ पासून मॅकवर आहे आणि ते नामी आहे. विंडोजची सोयही २०१८ पासून आहे. पण विंडोजची सोय विंडोजशीच बोलते, आणि एअरड्रॉपवाल्या मॅकला विंडोजच्या घरी पानही वाढले जात नाही. आपापल्या आळीतच सोयरीक करणारी ही घराणी. आमच्या कार्यालयात तीन आळ्यांची माणसे बसतात.

अनोळखी पाहुण्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि त्याला मी हसणार नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत शेअरइट होते आणि झेंडरही होते, म्हणजे नेमकी फायली वाटण्याची साधने, आणि ती आपल्याकडे घरोघर होती. आमच्या स्नेह्यांनी हा दाखला दिला तो खराच आहे. चुकले ते त्यावरून काढलेले अनुमान. एका दूधवाल्याने पाणी घातले म्हणून दूधच वर्ज्य करावे, असे त्या हुकुमातून निघत नाही. कोणाकडून घ्यावे, कशात घ्यावे, आणि घेताना काय पाहावे, एवढेच त्यातून निघते. आणि मुक्त स्रोताचे म्हणून लोकलसेंड सोवळे आहे असेही मी म्हणत नाही. त्यातही असा एक दोष निघाला होता की त्याचा फायदा घेऊन त्याच जाळ्यावरचा लबाड शेजारी फाइल नको त्या जागी ठेवू शकेल. तो २०२५ साली उघडपणे जाहीर झाला आणि १.१७.० या आवृत्तीत दुरुस्त झाला. म्हणजे धोका ॲप बसवण्यात जेवढा आहे त्याहून जास्त ते एकदा बसवून विसरण्यात आहे. मला आठवण करून द्यावीशी वाटते ती मे २०१७ ची, जेव्हा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला : तो पसरला विंडोजच्या स्वतःच्या, जुन्या, घरच्याच फाइल-वाटप व्यवस्थेतल्या छिद्रातून, आणि ते छिद्र बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच्या आधी दोन महिने दिलेली होती. लोकांनी ती बसवली नव्हती. ‘कशाला ती कटकट’ या वाक्याची किंमत त्या वर्षी इस्पितळांनीसुद्धा मोजली.

येथवर मी त्यांच्या मुद्द्यांना उत्तरे दिली. पण त्यांच्या भाषणातली खरी उणीव त्यांनी मांडलेल्या मुद्द्यांत नसून न मांडलेल्या मुद्द्यात आहे. तीन तऱ्हांच्या यंत्रांमध्ये मराठी माणसाला जी अडचण खरोखर येते ती ॲप बसवण्याची नाहीच. ती फायलीच्या नावाची आणि अक्षराची आहे, आणि सर्व आयुष्य मराठी दप्तरात घालवलेल्या गृहस्थांना ती दिसू नये याचे मला वाईट वाटले.

आपले टंकलेखक विसर्गाच्या जागी सर्रास कोलन टाकतात. ‘अंशत:’ असा शब्द नावात घालून लिनक्सवर फाइल सुखाने नांदते; विंडोजला नावात कोलन चालत नाही, म्हणून तिकडे ती नाव बदलून उतरते किंवा उतरतच नाही. ‘ठराव क्र. ५/१२’ यातल्या तिरक्या रेघेचीही तीच गत, आणि तिला तर लिनक्सही हरकत घेते. लांब नावांचा मोह हा आपला दुसरा दोष. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची हद्द आहे आणि देवनागरीतले एकेक चिन्ह, काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त धरून, तीन तीन बाइट खाते. ‘सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा दुरुस्त अंतिम प्रत’ हे नाव मी मोजून पाहिले : मागची .डॉक्स ही शेपटी धरून २६१. विंडोज चिन्हे मोजते, बाइट नव्हे, म्हणून तिथे हे नाव आरामात मावते. माझ्या लॅपटॉपच्या दारातून ते आत येत नाही. दोष पाठवणाऱ्या ॲपला लागतो आणि अपराध असतो आमच्या ‘दुरुस्त अंतिम प्रत’ या हव्यासाचा.

सर्वांत गमतीदार गोष्ट ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कोपऱ्यात’ यांतला तो आपला खास रफार, ज्यावाचून मराठीचे पान हलत नाही, तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खालचा नुक्ता अशी जोडी म्हणून. डोळ्यांना दोन्ही एकच. मॅकची जुनी फाइलव्यवस्था, २०१७ साली नवी येण्यापूर्वीची, अखंड चिन्हाची फोड करून नाव साठवीत असे. विंडोज आणि लिनक्स दिले तसे ठेवतात. परिणामी जुन्या मॅकवरून फिरून आलेली ‘दुसऱ्या अंकाची सूची’ ही फाइल आमच्या फोल्डरात एके दिवशी दोनदा दिसली, शेजारी शेजारी, नावात केसाचाही फरक नाही. आमच्या जुळाऱ्याने त्यातली जुनी समजून नवी पुसली. तेव्हापासून कार्यालयाचा शिरस्ता असा आहे की फायलीचे नाव आखूड असावे, त्यात तारीख असावी, आणि त्यात ‘ऱ’ नसावा. शेवटचे कलम लिहिताना मला क्लेश झाले, पण ते आहे.

आणि अक्षराबद्दल काय सांगावे! श्री-लिपीसारख्या ज्या साधनाने पुण्यातच मराठी अक्षरजुळणीला संगणकावर आणले, त्याच्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर ज्या यंत्रावर तो फाँट नाही तिथे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ होऊन उमटतो. फाइल अचूक पोचलेली असते, एकही बाइट सांडलेला नसतो, आणि तरी वाचणारा म्हणतो की ‘तुमचे ॲप बिघडलेले दिसते’. त्याला उपाय ॲप बदलणे हा नव्हे. मजकूर युनिकोडमध्ये आणणे हा आहे, आणि तोवर छापण्यासाठी पाठवायची ती पीडीएफ पाठवणे.

आमच्या स्नेह्यांच्या स्वतःच्या संगणकावर अद्याप विंडोज १० आहे. त्याची नित्याची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली, हे मी त्यांना सभेनंतर जिन्यात सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यात भीतीपेक्षा इतराजी जास्त होती. लोकलसेंड त्यावर अजून चालते. मी शनिवारी चारनंतर घरीच असतो. त्यांनी लॅपटॉप घेऊन यावे, चार्जर विसरू नये, आणि ज्या भाषणाच्या प्रती ते सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवीत आहेत त्याची मूळ फाइल, नाव आखूड करून, सोबत आणावी.